डायोरामाच्या चिखलाला दर वेळी तडे का जातात आणि रणगाडा हवेत का तरंगतो

डायोरामा, म्हणजे मॉडेलभोवती उभा केलेला छोटा देखावा, करताना सलग तिसऱ्यांदा तेच झालं म्हणून शेवटी सगळं सविस्तर लिहून काढतोय. लक्षणं सांगतो, तुमचंही असंच होत असेल तर पुढे वाचा. ग्राउंडवर्क (म्हणजे देखाव्याची खोटी जमीन) टाकलं, दोन दिवसांत कडक झालं, रंगवलं, रणगाडा बसवला, फिगर लावल्या, फोटो काढले, सगळे म्हणाले मस्त. मग आठवडा-दोन आठवड्यांनी, आणि हे नेमकं स्पर्धेच्या तोंडावरच होतं, एका कोपऱ्यातून केसासारखी चीर निघते, ती हळूहळू चाकोरीपर्यंत येते, कडेची माती भिंतीपासून सुटते आणि रणगाड्याच्या डाव्या पट्ट्याखालून चक्क पलीकडचा उजेड दिसतो.

माझा सीन होता दुसऱ्या महायुद्धातल्या पूर्व आघाडीवरचा, १/३५ मधला (म्हणजे खऱ्याच्या ३५ पट लहान) टी-३४ हा सोव्हिएत रणगाडा, १९४३ चं षटकोनी टरेटवालं (वरच्या फिरत्या तोफघराचं) मॉडेल, चिखलात रुतलेला, शेजारी तीन पायदळवाले आणि एक मोडकी घोडागाडी. रशियन लोक ज्याला रास्पुतित्सा म्हणतात तो मोसम, वसंतात बर्फ वितळल्यावर आणि शरदात पावसाने रस्ते अक्षरशः लापशी होतात तो. १९४१ च्या ऑक्टोबरात मॉस्कोकडे निघालेल्या जर्मन गाड्या याच चिखलात अडकल्या होत्या. म्हणजे सगळी गोष्टच ओल्या चिखलाची. आणि माझ्या त्या ओल्या चिखलाला दुष्काळातल्या शेतासारख्या भेगा! परीक्षक बिचारा काही बोलला नाही, खिशातला छोटा टॉर्च काढून आडवा धरला, पट्ट्याखाली बघितलं, चीर बघितली, कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या टेबलाकडे गेला. काय लिहिलं असेल ते न वाचताच कळलं.

आधी मी काय काय चुकीचं समजत होतो ते सांगतो, कारण बहुतेक जण तिथेच अडकतात. पहिल्या वेळी वाटलं प्लॅस्टर खराब आहे. दुसऱ्या वेळी प्लॅस्टर सोडून कागदाच्या लगद्याची तयार माती घेतली, तिला तर जास्तच तडे गेले. तिसऱ्या वेळी महागडी ॲक्रिलिक टेक्स्चर पेस्ट आणली, वरून सुंदर दिसली, पण खाली जुनंच रामायण. तीन वेगवेगळे माल आणि तीनही वेळा तोच आजार, तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला की दोष मालाचा नाहीये. दोष दोन गोष्टींचा आहे, एक म्हणजे आत अडकलेलं पाणी आणि दुसरा खालचा बेस, जो ते पाणी पिऊन वाकतो. आणि तिसरा माझा स्वतःचा, कारण तडा दिसला की मी त्यात तीच ओली पेस्ट परत भरत होतो, म्हणजे ताप उतरवायला पेशंटला परत पावसात उभं करायचं.

पाण्याचं गणित एकदा नीट बघा, मला हे कळलं तेव्हा थोडा धक्काच बसला होता. प्लॅस्टर ऑफ पॅरिस घट्ट होतं ते वाळून नाही, पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन होतं. त्या क्रियेला १०० ग्रॅम पावडरला जेमतेम १८-१९ ग्रॅम पाणी पुरतं. पण तेवढ्या पाण्यात ते कालवताच येत नाही, म्हणून आपण ६०-७० ग्रॅम टाकतो. म्हणजे माझ्या ३०० ग्रॅम पावडरमध्ये २०० ग्रॅम पाणी गेलं, त्यातलं ५५-५६ ग्रॅम प्लॅस्टरने धरून ठेवलं आणि उरलेलं जवळपास १४५ ग्रॅम नुसतं आत बसून राहिलं. अर्ध्या तासात माल हाताला दगडासारखा लागतो, आपण समजतो वाळलं, आणि त्यावर प्रायमर (रंगाखालचं अस्तर) मारून ते १४५ ग्रॅम पाणी आतच कोंडून टाकतो. मग ते जाणार कुठे? खाली. खाली काय आहे, एमडीएफचा (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बोर्डचा) उघडा पत्रा. एमडीएफ पाणी पितो, वरच्या बाजूने फुगतो, आणि पुढच्या दोन आठवड्यांत परत सुकताना हलतो. प्लॅस्टर स्वतः फारसं आकसत नाही, उलट घट्ट होताना किंचित फुगतंच, पण ते ठिसूळ असतं, खालची जमीन हलली की ते वाकत नाही, मोडतं. लगद्याची माती आणि पेस्ट यांचं उलटं, त्या स्वतःच आकसतात कारण त्यांच्यात पाणी गेल्यावर जागा रिकामी होते, आणि आकसताना बेसच्या वरच्या पृष्ठभागाला ओढतात, म्हणून बेस वाटीसारखा होतो, चारही कोपरे वर.

आता तडा बघून कारण कसं ओळखायचं. चिरेचा आकार सगळं सांगतो, फक्त दिव्याखाली वरून बघू नका, खोलीत अंधार करा आणि टॉर्च अगदी जमिनीलगत आडवा धरा, परीक्षक धरतो तसाच. वाळलेल्या तळ्यासारखं जाळं दिसलं, लहान लहान तुकड्यांचं, तर थर जाड झालाय किंवा पाणी जास्त झालंय. एकच लांब सरळ चीर असेल आणि ती फोमच्या दोन तुकड्यांच्या सांध्यावरून जात असेल तर खाली सांधा उघडतोय, वर कितीही भरा ती परत येणार म्हणजे येणारच. कडेने भिंतीपासून माती सुटून एकसारखी फट पडली असेल तर ते साधं आकसणं आहे, हा सगळ्यात सोपा प्रकार. रणगाड्याभोवती गोल गोल चिरा म्हणजे तुम्ही तो माती अर्धवट सुकल्यावर दाबून बसवलाय, किंवा नेताना हादरे बसलेत. आणि वरचा रंग पोपड्यासारखा उचलला जातोय, खालची माती शाबूत आहे, तर ते ग्राउंडवर्कचं दुखणं नाही, रंग ओल्यावर बसलाय, पोपडा काढा, सुकू द्या, परत रंगवा, विषय संपला.

बेस वाकलाय का ते बघायला काचेचा तुकडा किंवा आरसा घ्या, कारण टेबलावर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही, माझं टेबलच वाकडं निघालं. बेस काचेवर ठेवायचा, समोरासमोरचे दोन कोपरे बोटाने आळीपाळीने दाबायचे, टकटक आवाज आला की बाक आहे. मग स्टीलची पट्टी कर्णात उभी धरून मध्ये किती फट आहे ते बघायचं. माझ्या साधारण ए४ मापाच्या बेसला मध्ये २ मिमीचा खड्डा होता. २ मिमी म्हणजे काही नाही असं वाटतं ना, पण १/३५ मध्ये ते ७ सेंमी झाले. तीस टनांचा रणगाडा चिखलाच्या ७ सेंमी वर तरंगतोय, तेही युद्ध चालू असताना!

इथे थोडं मापांबद्दल, कारण तरंगण्याचा प्रश्न नुसत्या तड्याने येत नाही, आपण रणगाडा मुळात पुरेसा रुतवतच नाही. टी-३४ चे पट्टे ५०० मिमी रुंद, म्हणजे मॉडेलवर १४ मिमीच्या आसपास. पोटाखालची मोकळी जागा ४० सेंमी, म्हणजे साडेअकरा मिमी. पट्ट्याच्या एका कडीची लांबी १७२ मिमी, म्हणजे चाकोरीत दर ५ मिमीला एक ठसा उमटला पाहिजे. मी पहिल्या वेळी चाकोरी १ मिमी खोल केली होती, म्हणजे खऱ्यात साडेतीन सेंमी, हे म्हणजे शेणाने सारवलेल्या अंगणातून गाडी गेल्यासारखं. खऱ्या गाळात २० सेंमी तरी रुतायला हवा, म्हणजे मॉडेलवर ६ मिमीच्या आसपास, आणि चाकोरीच्या दोन्ही बाजूंना दाबून वर आलेला चिखल, कारण तो कुठेतरी जाणारच ना. याचा अर्थ चाकोरीच्या तळाखालीही माल शिल्लक राहायला ग्राउंडवर्क ८-९ मिमी जाड हवं, आणि जाड थर म्हणजे जास्त पाणी, म्हणजे परत तडे. या कोंडीतून सुटायचा एकच मार्ग, जाडी मातीने करायचीच नाही, फोमने करायची.

तर आता मी जसं करतो ते.

बेस म्हणून प्लायवूड, १२ मिमी, एमडीएफ माझ्याकडून तरी कायमचा बाद. प्लायला वरून, खालून आणि विशेषतः कडांना वॉर्निशचे दोन-तीन हात, आणि हा खालचा हात सगळे विसरतात. वरची बाजू सील केली आणि खालची उघडी ठेवली तर हवेतला दमटपणा फक्त खालून आत शिरतो आणि लाकूड एकाच बाजूने फुगतं, म्हणजे सील न केल्यापेक्षा वाईट. खाली दोन आडव्या पट्ट्या स्क्रूने मारल्या की अजून बरं, हाताने उचलायलाही सोपं पडतं.

त्यावर दाट फोमचा पत्रा, बारीक छिद्रांचा, दाण्यादाण्यांचा थर्माकोल नाही. थर्माकोलच्या दाण्यांमध्ये पाणी शिरतं आणि कापताना कडा ढासळतात. शक्यतो एकच तुकडा घ्या, सांधा नको. सांधा टाळता येतच नसेल तर तो चाकोरीच्या किंवा भिंतीच्या खाली लपेल असा घ्या आणि वरून पातळ कापडाची पट्टी गोंदाने चिकटवा. फोमला सुपरग्लू लावू नका आणि त्यावर लॅकरचा स्प्रे मारू नका, फोम वितळून खड्डा पडतो, मला विचारा, माझ्या घोडागाडीखाली अजून एक विवर आहे ज्याला मी आता बॉम्बचा खड्डा म्हणतो.

फोममध्येच चाकोरी कोरायची, ५ मिमी खोल आणि पट्ट्यापेक्षा दोन-तीन मिमी जास्त रुंद. म्हणजे वर मातीचा थर फक्त २-३ मिमीचा लागतो. मग फोमच्या पृष्ठभागावर कटरने तिरक्या उभ्या-आडव्या रेघा मारायच्या. हे गवंड्याकडून शिकण्यासारखं आहे, तो गुळगुळीत काँक्रीटवर गिलावा करायच्या आधी टाचे मारतो आणि विटांची भिंत आधी पाण्याने भिजवतो, नाहीतर कोरडी वीट गिलाव्यातलं पाणी शोषून घेते आणि गिलावा सुटतो. आपल्या बेसवरही गिलावाच करायचाय, फक्त ३५ पट लहान. फोम पाणी शोषत नाही म्हणून भिजवायची गरज नाही, पण पातळ केलेल्या पांढऱ्या गोंदाचा एक हात द्या, तो चिकट असतानाच माती टाका.

माती मी आता अशी कालवतो: प्लॅस्टर निम्मं, वस्त्रगाळ वाळू आणि लाकडाचा बारीक भुसा मिळून निम्मं, पाण्यात पांढरा गोंद साधारण एकास तीन (गोंद एक, पाणी तीन), आणि तपकिरी रंग आधीच घातलेला, म्हणजे कुठे टवका उडालाच तर आत पांढरं भूत दिसत नाही. वाळूचा कण आकसत नाही आणि भुशाचे तंतू चिरेला पुढे सरकू देत नाहीत, जुन्या घरांच्या मातीच्या भिंतीत कोंडा आणि गवत घालायचे ते याचसाठी. भुसा चाळून घ्या बरं का, नाहीतर १/३५ मध्ये एकेक कुसळ म्हणजे तुळई दिसते.

पहिला थर २ मिमी. त्यावर लगेच ओलं फडकं नाही, पण प्लॅस्टिकचा कागद सैलसर झाकायचा एक रात्र, म्हणजे वरचा पापुद्रा आधी सुकून आतलं ओलं राहणार नाही. दुसऱ्या दिवशी कागद काढायचा. हेअर ड्रायर, ओव्हन, उन्हात ठेवणं, यातलं काहीही नको. घाई करून तापवलं की वरचं सुकतं, आतलं राहतं, आणि प्लॅस्टर बराच वेळ ५०-६० अंशांच्या वर राहिलं तर त्याने धरून ठेवलेलं पाणीसुद्धा सुटायला लागतं आणि ते भुसभुशीत होतं.

चाकोरीचा ठसा घ्यायला रणगाड्याचे पट्टे खाण्याचे डबे झाकायच्या पातळ प्लॅस्टिकच्या फिल्ममध्ये घट्ट गुंडाळा. दुसरा थर टाकल्यावर, तो लोण्याइतका असताना रणगाडा सरळ खाली दाबा, मागेपुढे किंचित हलवा, आणि उचलून बाजूला ठेवा. तिथेच सोडून द्यायचा नाही! मी दोनदा सोडला होता, माती आकसली तशी पट्ट्याभोवतीच गोल चिरा पडल्या. उचलल्यावर ठसे थोडे बसके होतात, ते दात कोरायच्या काडीने परत धारदार करा, आणि चाकोरीच्या कडेचा वर आलेला चिखल जुन्या टूथब्रशने टोचून खडबडीत करा.

आता सगळ्यात महत्त्वाची पायरी, माझ्या मते अख्ख्या लेखात हीच कामाची आहे. वजन करा. स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या (घरच्यांचं बोलणं खायची तयारी ठेवा) आणि माती टाकल्यापासून रोज एकाच वेळी बेस त्यावर ठेवून आकडा लिहून ठेवा. माझ्या शेवटच्या बेसचे आकडे असे होते: पहिल्या दिवशी १३८२ ग्रॅम, तिसऱ्या दिवशी १३३०, सहाव्या दिवशी १३०४, नवव्या दिवशी १२९६, अकराव्या आणि बाराव्या दिवशी १२९४. आकडा हलायचा थांबला की वाळलं. हाताला काय लागतं, रंग किती फिका पडला, नखाने टोचून काय दिसतं, याला काडीची किंमत नाही. बघा, तिसऱ्या दिवशी ती माती दगडासारखी कडक होती आणि अजून ३६ ग्रॅम पाणी आत होतं. पूर्वी मी तिसऱ्या दिवशीच प्रायमर मारत होतो. सगळा आजार इथेच होता.

वजन थांबल्यावरच प्रायमर, मग रंग. मग रणगाडा बसवायचा, आणि तो गोंदाने नाही, स्क्रूने. पोटाच्या आत आधीच एक नट एपॉक्सीने पक्का करून ठेवायचा, बेसला खालून आरपार भोक, आणि लांब स्क्रूने खालून ओढून घ्यायचा. एक धोका आहे, जोरात आवळला तर पोट मध्ये खेचलं जातं आणि पुढची-मागची चाकं उचलली जातात, म्हणून बोटाने फिरेल तेवढाच आवळा. टी-३४ ची दोन्ही बाजूंची पाच-पाच चाकं प्रत्येकी स्वतंत्र आर्मवर (चाक धरणाऱ्या दांडीवर) असतात, म्हणजे उंचसखल जमिनीवर प्रत्येक चाक वेगळ्या उंचीवर जायला हवं, किटमध्ये आर्म पक्के मोल्ड केलेले असतील तर पिन कापून एकेक आर्म जमिनीप्रमाणे चिकटवावा लागतो, कंटाळवाणं आहे पण टॉर्चवाल्याची नजर पहिली तिथेच जाते. स्क्रूचा दुसरा फायदा असा की प्रवासात रणगाडा काढून वेगळा नेता येतो, मातीला हादरे कमी.

हे झालं नव्याने करायचं. आता ज्यांचं तडकून बसलंय आणि स्पर्धा जवळ आहे त्यांच्यासाठी.

पाण्यावर चालणारी कुठलीही पेस्ट त्या चिरेत भरू नका, मोह होतो, रात्री छान बुजलेली दिसते, सकाळी त्याच जागी तशीच चीर, फक्त आता दोन कडांना दोन. भरायला दोन भागांची एपॉक्सी लांबी (पुट्टी) घ्या, ती पाणी उडून नाही तर रसायनाने घट्ट होते म्हणून आकसण्याचा प्रश्न जवळजवळ नाहीच. आधी चीर कटरच्या टोकाने इंग्रजी व्ही सारखी थोडी उघडायची, धूळ ब्रशने काढायची, लांबी बारीक वळ्या करून आत दाबायची आणि मऊ असतानाच ओल्या टूथब्रशने टोचून आजूबाजूसारखी खरखरीत करायची, वर कोरडी वाळू चिमटीने भुरभुरायची. गुळगुळीत सोडली तर रंगवल्यावर जखमेच्या व्रणासारखी चमकते. कडेच्या फटीलाही हेच. सांध्यावरच्या चिरेला मात्र हे पुरत नाही, तिथे खालून, म्हणजे बेसच्या पोटाकडून, आडवी पट्टी स्क्रूने मारून हालचाल आधी थांबवावी लागते.

बेसच वाकला असेल तर ओलं करून वजन ठेवून सरळ करायचा उद्योग करू नका, मी केलाय, बेस सरळ झाला आणि माती तीन ठिकाणी फुटली. बेस तसाच राहू द्या आणि तरंगणाऱ्या पट्ट्याखाली जमीन वर आणा. रणगाडा काढा, पट्ट्याला परत फिल्म गुंडाळा, चाकोरीत लांबीचा पातळ पट्टा घाला, रणगाडा स्क्रूने त्याच्या जागी ओढा, दहा मिनिटांनी काढा. ठसा नेमका उमटतो, फट शून्य. वरून ओल्या चिखलाचा रंग, आणि इथे नशीब आपल्या बाजूने आहे, ओला चिखल गडद आणि चकचकीत असतो, दुरुस्ती त्यात मुरून जाते. वाळवंटाचा सीन असता तर हे लपलं नसतं.

अजून एक, डबक्यांबद्दल. चिरा बुजवायच्या आधी रेझिनचं पाणी (घट्ट झाल्यावर पाण्यासारखं दिसणारं पारदर्शक रसायन) ओतू नका. मी संध्याकाळी चाकोरीत मस्त डबकं ओतलं, आरशासारखं, झोपायला गेलो, सकाळी चाकोरी कोरडी आणि बेसच्या खाली टेबलाला बेस पक्का चिकटलेला. रेझिन केसाएवढ्या चिरेतून, फोमच्या सांध्यातून, स्क्रूच्या भोकातून रात्रभर खाली उतरलं होतं. आता ओतायच्या आधी त्या जागेला वॉर्निशचे दोन हात, भोकाला खालून टेप, आणि ओतताना एका वेळी २ मिमीच्या वर नाही, कारण जाड ओतलं तर रेझिन घट्ट होताना तापतं आणि कडेने माती सोडतं. खाली जुना प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला असू द्या.

सध्या पाचवा बेस काट्यावर आहे. आज सातवा दिवस, काल १४१८, आज १४१५. रणगाडा डब्यात तयार आहे, फिगर रंगवून झाल्यात, हात शिवशिवतायत प्रायमर मारायला. अजून तीन ग्रॅम जातायत म्हणजे नाही मारणार.